डोंगरउतारावरील जुनी वेल आणि सातपुड्यातील जुना मोह

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तरेकडील अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या रांगांत वसलेले आहेत. तळोदा व शहादा तालुक्यांचा उत्तर भागही डोंगराळच आहे. जमीन उथळ, मुरमाड आणि उताराची. पाऊस पडतो, पण पाणी थांबत नाही. अशा जमिनीवर, शेताच्या बांधावर आणि जंगलाच्या कडेला मोहाची जुनी झाडे उभी आहेत. त्यांतली बरीच झाडे कोणी लावली हे घरातील वडीलधाऱ्यांनाही सांगता येत नाही. झाडाला खत नाही, पाणी नाही, फवारणी नाही. तरीही दर उन्हाळ्यात, घरातले धान्य सरत आलेले असताना, हेच झाड चार पैसे हाती देते.

मात्र या फुलांना मिळणारा भाव पाहिला तर तो बहुधा माती-पाला मिसळलेल्या, सरमिसळ मालाचा भाव असतो. झाड जुने, जमीन हलकी, गाव दूरचे, म्हणून माल हलका असे आपणही धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे? उतार, हलकी जमीन आणि जुने झाड या तीन गोष्टींनाच भांडवल करून दाखविणारे एक उदाहरण स्पेन देशात आहे. तेथे पीक द्राक्षाचे आहे आणि त्यापासून लाल वाइन तयार होते. त्या अनुभवातून मोहाच्या बाबतीत काय घेता येईल, हे या लेखात पाहू.

स्पेनमधील प्रिओरात

स्पेनच्या ईशान्येस कॅटलोनिया प्रांतात प्रिओरात नावाचा छोटा डोंगराळ मुलूख आहे. बाराव्या शतकात तेथे ख्रिस्ती साधूंचा मठ स्थापन झाला आणि त्या साधूंनी उतारावर द्राक्षवेली वाढविल्या. तेथील जमीन म्हणजे काळसर पाटीच्या दगडाचा चुरा. स्थानिक लोक तिला लिकोरेया म्हणतात. वर मातीचा थर नावालाच असतो. वेलीची मुळे दगडाच्या फटींतून खोल जाऊन ओलावा शोधतात. उतार इतका तीव्र असतो की अनेक बागांत यंत्र चालत नाही. छाटणी, खुरपणी आणि काढणी हातानेच करावी लागते. तारा-मांडव न करता वेल झुडपासारखी बुटकी ठेवतात. गार्नाचा आणि कारिन्येना या तेथील दोन मुख्य जुन्या लाल जाती होत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. प्रिओरातही त्यातून सुटले नाही. किडीस प्रतिकारक अमेरिकन खुंटांवर कलमे करून काही बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण तरुण माणसे शहरांतील कारखान्यांकडे गेली. अनेक उतार ओस पडले. जे मागे राहिले ते आपली द्राक्षे सहकारी संस्थेला घालत. तेथे सर्वांचा माल एकत्र होई आणि वाइन ठोकीने विकली जाई. त्या काळात उतारावरील जुनी वेल म्हणजे कष्ट जास्त आणि उत्पन्न कमी, असाच हिशेब होता.

१९८९ मध्ये ग्रातालोप्स या गावाच्या परिसरात काही उत्पादक एकत्र आले. रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस, कार्लेस पास्त्राना, डाफ्ने ग्लोरियाँ व जुझेप यूईस पेरेझ ही त्यांतील प्रमुख नावे. त्यांनी पहिल्या हंगामाची द्राक्षे एकत्र प्रक्रिया करून आपापल्या नावाने बाटल्यांत भरली. पुढे वेगवेगळ्या उतारांची, जुन्या वेलींची द्राक्षे वेगळी ठेवून वाइन तयार होऊ लागली. काही वर्षांतच या वाइनचे नाव जगभर झाले. २००० मध्ये कॅटलोनियाच्या शासनाने प्रिओरातला सर्वोच्च दर्जा दिला. स्पेनमध्ये हा दर्जा रिओहा आणि प्रिओरात या दोनच भागांना आहे. ज्या वेली तोडून टाकण्याच्या लायकीच्या ठरल्या होत्या, त्या आता जपल्या जातात. त्यांत सत्तर-ऐंशी वर्षांच्या वेली आहेत आणि शंभरी ओलांडलेल्याही आहेत.

हे मोल कशामुळे आले?

लाल वाइनमध्ये काळ्या द्राक्षांचा रस सालीसकट आंबवितात. रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो, तर साखरेपासून मद्यार्क तयार होतो. जुनी वेल घड कमी धरते. हलक्या जमिनीत व कमी पाण्यावर मणीही लहान राहतो. थोडे घड, लहान मणी आणि भरपूर ऊन यांमुळे रस घट्ट होतो, गोडी वाढते, रंग गडद येतो. प्रिओरातच्या वाइनमध्ये मद्यार्क बहुधा १४ ते १५ टक्के असतो तो यामुळेच.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेली १९८९ पूर्वीही जुन्याच होत्या, उतारही तोच होता. तरीही तेव्हा भाव नव्हता. बदल झाला तो काढणीनंतरच्या कामात. सडका घड बाजूला काढणे, एका उताराचा माल दुसऱ्यात न मिसळणे, कोणत्या बागेचा माल आहे याची नोंद ठेवणे आणि शेवटी बाटलीवर आपल्या मुलखाचे नाव घालणे, या चार गोष्टींमुळे जुन्या वेलीचा गुण गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला. निसर्गाने दिलेला गुण सरमिसळीत हरवतो, हा येथील खरा धडा आहे.

मग आपणही द्राक्षे लावावीत काय?

हे वाचून सातपुड्याच्या उतारावर वाइनची द्राक्षे लावण्याची घाई कोणी करू नये. महाराष्ट्रात २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आले आणि नाशिक परिसरात वाइन उद्योग वाढला. पण ही बागायती शेती आहे. माल काढला की तो लगेच कारखान्यात जावा लागतो. २००८ नंतरच्या मंदीत वाइन कारखान्यांनी खरेदी आखडली तेव्हा अनेक बागायतदारांना वाइनच्या जातींच्या वेली काढून टाकाव्या लागल्या. जवळ कारखाना नाही आणि खरेदीचा करार नाही, तेथे वाइनच्या द्राक्षाला दुसरे गिऱ्हाईक सहसा मिळत नाही. आपल्या उतारावर शेकडो वर्षे टिकलेले, साखर देणारे झाड आधीच उभे आहे. त्याकडेच लक्ष देणे शहाणपणाचे ठरेल.

मोहाचे झाड आणि फूल

मोह हा चिकूच्या कुळातील वृक्ष आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फिकट पिवळसर, मांसल पाकळ्यांचे फूल रात्रीतून आणि पहाटे गळते. म्हणूनच वेचणी उजाडण्यापूर्वी सुरू होते. जून-जुलैमध्ये फळ पिकते. फळातील बियांपासून, म्हणजे टोळंबीपासून, तेल निघते.

ताज्या फुलात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. त्यामुळे १०० किलो ताजी फुले चांगली वाळविली की २५ ते २८ किलो माल हाती येतो. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. हीच साखर त्याचे खरे मोल आहे. तिच्यामुळेच फूल भाकरीत, लाडवात घालता येते, गुरांना चारता येते आणि आंबवून त्याचे मद्यही करता येते. द्राक्षाची वाइन नुसती आंबवून होते. मोहाचे फूल मात्र आंबवून नंतर भट्टीवर त्याची वाफ धरून ऊर्ध्वपातन केले जाते. त्यामुळे ते वाइनपेक्षा बरेच तीव्र असते.

कायदा आणि आपला इतिहास

मोहफुलावर सरकारी बंधने जुनी आहेत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळप बंद केले. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा करून फुले गोळा करण्यावर व साठविण्यावरच निर्बंध घातले गेले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठविणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. वनहक्क कायदा २००६ अन्वये परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर आदिवासींचा व पारंपरिक वननिवासींचा मालकी हक्क मान्य झालेला आहे. मात्र परवान्याशिवाय दारू गाळणे हा आजही गुन्हा आहे. फूल विकणे आणि दारू गाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट समजून घ्यावे.

शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्याला वारसा मद्याचा दर्जा देऊन परवान्याखाली आणले. नर्मदेपलीकडच्या आलिराजपूर जिल्ह्यात आदिवासी बचत गटाला हे काम मिळाले. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळविले आणि २०१६ मध्ये तिला राज्याचे वारसा पेय म्हणून मान्यता दिली. ही उदाहरणे माहितीसाठी दिली आहेत. आपल्या जिल्ह्याला दारूने उद्ध्वस्त झालेली घरेही ठाऊक आहेत. तळोदा तालुक्यातील मोरवड परिसरातून संत गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात दारू सोडण्याची चळवळ उभी केली ती याच कारणाने. ती शिकवण मानणाऱ्या घरांनाही मोहाचे झाड उत्पन्न देऊ शकते. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून वाळलेली मोहफुले फ्रान्सला निर्यात झाली. खाण्यायोग्य, स्वच्छ फुलाला दूरचे गिऱ्हाईकही मिळू शकते, एवढे त्यावरून दिसते.

वेचणी, वाळवण आणि साठवण

१) झाडाखाली आग लावू नये. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून पाला पेटविण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. या आगीत झाडाखालची मोहाची रोपे जळतात, खोडाची साल भाजते, गवत जाते आणि वारा असेल तर वणवा डोंगरभर पसरतो. राख लागलेले फूल खाण्याच्या कामाचे राहत नाही. फुले गळू लागण्यापूर्वी पाला दाताळ्याने ओढून खड्ड्यात भरावा. त्याचे पावसाळ्यानंतर खत होते.

२) शक्य असेल तेथे जाळी बांधावी. जुने मासेमारीचे जाळे किंवा शेडनेट झाडाखाली चार खुंटांना जमिनीपासून दोन-तीन फूट उंच बांधले की फूल मातीला लागत नाही. पहाटे वाकून वेचण्याचा त्रासही कमी होतो. हे काम बहुतेक घरांत बायका आणि मुलेच करतात, म्हणून ही सोय विशेष मोलाची आहे. हंगाम संपताच जाळी काढून घरात ठेवावी, म्हणजे पक्षी-प्राणी तिच्यात अडकत नाहीत आणि ती पुढील वर्षी पुन्हा वापरता येते.

३) जाळीत पडलेली आणि जमिनीवर पडलेली फुले वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवावीत. दोन्ही एकत्र केली तर सर्व माल जमिनीवरच्या भावाने जातो.

४) वेचलेली फुले त्याच सकाळी पसरावीत. टोपलीत किंवा गोणीत दाबून ठेवल्यास ती गरम होऊन आंबू लागतात, काळी पडतात आणि साखर वाया जाते.

५) वाळवण उघड्या जमिनीवर न करता स्वच्छ ताडपत्रीवर, बांबूच्या तट्ट्यावर किंवा माचावर करावे. थर पातळ ठेवावा. दिवसातून दोन-तीन वेळा फुले हलवावीत. रात्री दव पडत असेल किंवा आभाळ आले तर झाकून ठेवावीत. फूल लालसर तपकिरी होऊन मुठीत दाबले असता चिकटत नाही, तेव्हा ते वाळले असे समजावे. नंतर हलके चोळून आतील केसर पाखडून काढावेत.

६) वाळलेले फूल हवेतील ओल फार लवकर धरते. पावसाळ्यात उघड्यावर राहिले तर त्याला बुरशी येते. म्हणून ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करून जमिनीपासून उंच फळीवर ठेवावे. कीटकनाशके किंवा खते जेथे ठेवली आहेत तेथे ते ठेवू नये.

जुन्या झाडामागे नवे झाड

आज आपण ज्या झाडाखाली वेचतो ते आजोबा-पणजोबांच्या काळचे आहे. पण त्याच्या आसपास मनगटाएवढे, दंडाएवढे वाढलेले तरुण झाड किती ठिकाणी दिसते, हे प्रत्येकाने आपल्या शिवारात फिरून मोजावे. रोपे आगीत जातात, शेळ्या शेंडे खातात आणि बी जवळजवळ सगळे तेलासाठी गोळा होते. वटवाघळे फळातील गर खाऊन बी दूर टाकतात, त्यातून काही रोपे उगवतात. पण तीही वाढेपर्यंत टिकत नाहीत. बाहेरून भक्कम दिसणारे मोहाचे बन अशा रीतीने आतून म्हातारे होत जाते. एखाद्या वादळात जुने झाड कोसळले की त्या घराचे उन्हाळी उत्पन्न कायमचे जाते.

यासाठी पुढीलप्रमाणे काम करावे.

ज्या झाडाची फुले मोठी, जाड व गोड असतात आणि जे दरवर्षी बहर धरते, त्या झाडावर खूण करावी. दोन-तीन वर्षे त्याच्या फुलांचे वजन वहीत लिहावे. असे खात्रीचे झाड हेच आपल्या गावचे उत्तम बियाणे होय. जून-जुलैत त्याच झाडाखालची ताजी, भरलेली टोळंबी घ्यावी. मोहाचे बी फार दिवस जिवंत राहत नाही. साठवून पुढील वर्षी पेरले तर ते उगवत नाही. म्हणून ते गोळा केल्यावर आठ-दहा दिवसांत पेरावे. सोटमूळ लवकर खोल जाते, त्यामुळे पिशवी लांब घ्यावी. रोप वर्षभर वाढवून पुढील पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधावर किंवा समपातळी चराच्या काठावर लावावे. खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर ठेवावे. पहिली चार-पाच वर्षे काटेरी कुंपण अत्यावश्यक आहे. खोडाभोवती पाल्याचे आच्छादन करावे आणि उन्हाळ्यापूर्वी सभोवतालचे गवत कापून टाकावे.

बियांपासूनच्या झाडाला फूल येण्यास साधारण दहा वर्षे लागतात. ही वाट लांबची आहे हे खरे. कलमाचे झाड लवकर फुलावर येते आणि मातृवृक्षाचे गुणही राखते. गुजरातेतील गोध्राजवळ वेजलपूर येथील केंद्रीय बागायती प्रयोग केंद्राने मोहाची कलम करण्याच्या पद्धतीवर काम केले आहे आणि ‘थार मधु’ ही निवड जातही दिली आहे. नंदुरबार येथील कृषी विज्ञान केंद्रामार्फत कलमांविषयी चौकशी करता येईल. मात्र सगळीकडे एकच जात लावू नये. आपल्या गावातील चांगल्या झाडांच्या फांद्या कलमासाठी वापरल्यास स्थानिक वाणही टिकेल.

विक्री

हंगामात पैशाची नड असते. म्हणून बहुतेक फुले एप्रिलमध्येच विकली जातात आणि त्या वेळी बाजारात आवकही सर्वांत जास्त असते. सगळी फुले राखून ठेवणे प्रत्येकाला जमणार नाही. तरी जाळीवरची स्वच्छ फुले तेवढी वेगळी बंद करून ठेवावीत. मोलगी, धडगावसारख्या बाजारात एकट्याने पाटीभर माल नेण्यापेक्षा पाड्यातील बचत गटाने एकसारखी प्रत करून, वजन करून, पिशवीवर गाव, वेचणीचा महिना व प्रत लिहून विक्री केल्यास भावाविषयी बोलता येते. विक्रीपूर्वी ग्रामसभेचा ठराव आणि वनहक्काची कागदपत्रे तयार ठेवावीत. खरेदीदार खाण्यासाठी माल मागत असेल तर पहिल्या वर्षी थोडाच माल द्यावा, पण नमुन्याप्रमाणेच द्यावा. एकदा नमुन्यात आणि मालात फरक पडला की गावाचे नाव जाते.

आपल्या जिल्ह्यात नाव मिळविण्याचे उदाहरण आहेच. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोहफुलाला असे नाव मिळायचे तर आधी तसा माल वर्षानुवर्षे सारखा निघाला पाहिजे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, प्रिओरातच्या लोकांनी उतार सपाट केला नाही आणि जुनी वेलही तोडली नाही. जे होते ते स्वच्छ, वेगळे आणि नावानिशी बाजारात आणले. सातपुड्यातील मोहाच्या बाबतीत आपल्याला आणखी एक काम जास्त करायचे आहे, ते म्हणजे म्हाताऱ्या झाडामागे तरुण झाड उभे करणे. येत्या फाल्गुनात झाडाखाली आगपेटी न नेता दाताळे न्यावे, आणि पुढच्या आषाढात प्रत्येक घराने निदान पाच टोळंब्या रुजत घालाव्यात. पहाटे त्यांखाली वेचायला जाणारी मुले अजून जन्मायची आहेत, पण त्यांच्यासाठीचे बी याच पावसाळ्यात पेरावे लागेल.